रीलमागे पैसे लावण्याआधी: राजकीय जाहिरातीचं प्रमाणपत्र सोलापुरात कसं काढायचं

लोकसभा किंवा विधानसभेची निवडणूक लागली की दर वेळी तोच प्रश्न येतो: उमेदवाराचा व्हिडिओ फेसबुकवर टाकायचा तर परवानगी लागते का? उमेदवाराने किंवा कार्यकर्त्याने स्वतःच्या खात्यावर टाकलेला मजकूर, फोटो, व्हिडिओ जाहिरात धरला जात नाही, त्यामुळे परवानगी लागत नाही. पण त्याच व्हिडिओमागे पैसे भरून तो ‘बूस्ट’ केला की ती जाहिरात झाली, आणि जाहिरातीला आधी प्रमाणपत्र हवं.

टीव्हीसाठी हा नियम सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल 2004 च्या आदेशाने आला. ऑक्टोबर 2013 मध्ये निवडणूक आयोगाने समाजमाध्यमंही त्यात घेतली. ई-पेपर, बल्क एसएमएस आणि रेकॉर्ड केलेले व्हॉइस कॉलही यातच येतात. छापील वर्तमानपत्राला एरवी सूट आहे, मात्र मतदानाचा दिवस आणि त्याच्या आदल्या दिवसाच्या जाहिरातीला प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी किमान 2 दिवस आधी अर्ज करावा लागतो.

अर्ज जिल्हास्तरीय माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे, म्हणजे बोलीत ‘एमसीएमसी’कडे करायचा. ती जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या, अर्थात जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत असते. जिल्ह्यात विधानसभेचे 11 मतदारसंघ आहेत, पण बार्शीकरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: लोकसभेला बार्शी धाराशिव मतदारसंघात जाते, त्यामुळे तेव्हा तिकडच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्यांचे आदेश वेगळे असतात, ते त्या वेळी पाहावेत.

नोंदणीकृत राष्ट्रीय व राज्य पक्ष आणि उमेदवार यांनी प्रसारणाच्या किमान 3 दिवस आधी अर्ज द्यायचा. इतर कोणी व्यक्ती किंवा नोंदणी नसलेला पक्ष असेल तर 7 दिवस आधी. विहित नमुन्यातल्या अर्जासोबत जाहिरातीच्या 2 इलेक्ट्रॉनिक प्रती आणि तिच्यातल्या शब्दन्‌शब्दाची साक्षांकित संहिता जोडायची. आपल्याकडे सोलापूर शहराच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, शिवाय उर्दूतही प्रचार चालतो. अशा संहितेला मराठी भाषांतर जोडून द्यावं असा माझा सल्ला आहे, समितीचा वेळ वाचतो.

अर्जातला सगळ्यात मोलाचा भाग पैशाचा आहे. जाहिरात बनवायला किती खर्च आला, ती किती वेळा आणि कोणत्या दराने चालणार, हे लिहावं लागतं. पैसे चेक किंवा डिमांड ड्राफ्टनेच देऊ, असं निवेदन द्यावं लागतं. अर्जदार उमेदवार किंवा पक्ष नसेल तर आणखी एक गोष्ट: ही जाहिरात कोणा उमेदवाराच्या वा पक्षाच्या फायद्यासाठी नाही आणि त्यांनी तिचे पैसे दिलेले नाहीत, हे शपथेवर सांगायचं. हौशी समर्थकांनी इथे घाईने सही करू नये. उमेदवाराच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 176 खाली गुन्हा आहे. मतदाराला दिसणाऱ्या व्हिडिओमागे कोणाचा पैसा आहे हे कळलंच पाहिजे, म्हणून हा कागद मला महत्त्वाचा वाटतो.

बूस्टचे पैसे, व्हिडिओ बनवणाऱ्याची मजुरी, समाजमाध्यम सांभाळणाऱ्या पोरांचा पगार, सगळं उमेदवाराच्या निवडणूक खर्चात धरलं जातं. उमेदवाराने आपली समाजमाध्यमांवरची खाती उमेदवारी अर्जासोबतच्या नमुना 26 च्या शपथपत्रातही लिहायची असतात.

अर्ज नाकारला तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडच्या राज्यस्तरीय समितीकडे अपील करता येतं.

मतदाराला तक्रार करायची असेल तर निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल ॲप आहे, पण त्यात ॲपमधूनच टिपलेला फोटो किंवा व्हिडिओ चालतो, गॅलरीतला स्क्रीनशॉट नाही. म्हणून रीलची तक्रार लेखी एमसीएमसीकडे द्यावी. सोबत लिंक, तारीख-वेळ, स्क्रीनशॉट आणि जाहिरातीवर ‘पैसे कोणी दिले’ हे छापलेलं असेल तर तेही जोडावं. हे सगळं आधी जतन करा, कारण तक्रारीची कुणकुण लागली की पोस्ट उडवली जाते.