शिगेरू मिझुकी: एका हाताने उभं केलेलं भुतांचं गाव

रात्री एकट्याने चालताना मागून पावलांचा आवाज येतो. वळून पाहावं तर कुणीच नाही. अशा वेळी पळायचं नसतं. रस्त्याच्या कडेला सरकून म्हणायचं, "बेतोबेतो-सान, तुम्ही व्हा पुढे." मग पावलं पुढे निघून जातात.

ही युक्ती शिगेरू मुरा नावाच्या पोराला एका म्हातारीने सांगितली. शिगेरूचा जन्म ८ मार्च १९२२ चा, ओसाकातला. वाढला मात्र तो तोत्तोरी प्रांतातल्या साकाइमिनातो या बंदराच्या गावात. म्हातारीला सगळे 'नोन्नोन्बा' म्हणत, म्हणजे पूजाअर्चा करणारी आजी. घराच्या छताला डाग पडला की ती सांगे, हा 'तेन्जोनामे', रात्री येऊन छत चाटून जातो. न्हाणीघर घासलं नाही तर तिथला मळ चाटायला 'आकानामे' येतो. गावच्या देवळातलं नरकाचं चित्र तिने त्याला नेऊन दाखवलं.

या मंडळींना जपानी माणसं 'योकाई' म्हणतात. भूत हा शब्द त्यांना अपुरा पडतो, कारण योकाई मेलेल्या माणसाचाच असेल असं नाही. आपल्याकडचा चकवा जसा वाट चुकवतो, पण तो कुणा अमक्या-तमक्याचा आत्मा नसतो, त्या जागेचा आणि त्या वेळेचा असतो, तसंच काहीसं. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा; त्या रचणारे शिगेरू मिझुकी म्हणून ज्यांना जगभर ओळखलं जातं, त्या माणसाची ही पहिली शाळा. दुसरी शाळा युद्धाची होती. मिझुकींना नुसतं 'भुतांचे चित्रकार' म्हणणारे ही दुसरी शाळा विसरतात, आणि मग त्यांची भुतंही नीट कळत नाहीत.

१९४३ साली त्यांना सैन्यात भरती केलं गेलं. बिगुल वाजवायचं काम मिळालं, ते काही जमेना. बदली मागितली तेव्हा विचारणा झाली, उत्तरेला जायचंय की दक्षिणेला? थंडी नको म्हणून ते दक्षिण म्हणाले. त्या एका शब्दाने ते आजच्या पापुआ न्यू गिनीतल्या न्यू ब्रिटन बेटावर, राबाउलच्या आघाडीवर जाऊन पडले. तिथे एका पहाटे ते पहाऱ्यावर होते आणि दुर्बिणीतून पोपट पाहत रेंगाळले होते. तेवढ्यात हल्ला झाला आणि त्यांच्या तुकडीतले सगळे मारले गेले. जंगल आणि समुद्र तुडवत ते कसेबसे तळावर पोचले, तर वरिष्ठांनी विचारलं, बाकीचे मेले, मग तू का परत आलास?

त्या पळापळीत एका रात्री अंधारात त्यांना पुढे सरकताच येईना. समोर डांबराच्या भिंतीसारखं काहीतरी होतं, हाताने चाचपलं तर संपत नव्हतं. नंतर लोककथांमध्ये वाट अडवणाऱ्या 'नुरिकाबे'चं वर्णन वाचलं तेव्हा त्यांना वाटलं, मला भेटला तो हाच. नोन्नोन्बाचं जग आणि राबाउलचं जंगल या एका जागी एकमेकांना भिडतात. त्यांची सगळी कारकीर्द मला इथूनच समजत जाते.

पुढे हिवतापाने अंथरुणाला खिळलेले असताना बाँबहल्ल्यात डावा हात गेला. बरे होत असताना जवळच्या तोलाई लोकांच्या वस्तीत त्यांची ऊठबस सुरू झाली. त्या लोकांनी त्यांना इतकं आपलं मानलं, की इथेच राहा, जमीन देतो, घर बांधून देतो, असं सांगितलं. युद्ध संपल्यावर त्यांचं मन खरोखर तिथे राहण्याचं होतं. आधी आईवडिलांना भेटून ये, असं लष्करी डॉक्टरांनी समजावल्यावर ते मायदेशी परतले. पुन्हा तिथे जायला त्यांना वीसहून जास्त वर्षं लागली.

जपानमध्ये पोटासाठी त्यांनी मासळी विकली, चित्रकलेची शाळा धरली आणि सोडली, कोबे शहरात भाड्याच्या खोल्यांची एक इमारत चालवली. त्या इमारतीचं नाव 'मिझुकी-सो', आणि तेच पुढे त्यांचं टोपणनाव झालं. तिथेच ते 'कामिशिबाई'कडे वळले. सायकलवर लाकडी चौकट बांधून गल्लोगल्ली फिरणारा माणूस पोरांना गोळ्या विकायचा आणि चित्रांचे पुठ्ठे एकामागून एक सरकवत गोष्ट सांगायचा, तो हा खेळ. थडग्यात जन्मलेल्या कितारो नावाच्या पोराची गोष्ट या धंद्यात युद्धाआधीपासून चालत आलेली होती. तिच्या मुळाशी एक जुनी लोककथा आहे: मेलेली आई रोज रात्री दुकानात येऊन बाळासाठी खाऊ विकत घेते. मिझुकींनी ही गोष्ट हाती घेतली आणि पुढे स्वतःची केली.

टीव्ही आला आणि कामिशिबाई मोडला. १९५७ साली मिझुकी टोकियोला गेले आणि भाड्याने वाचायला मिळणाऱ्या मांगांसाठी चित्रं काढू लागले. पहिलं पुस्तक १९५८ साली निघालं तेव्हा ते पस्तिशीत होते. पैसे तुटपुंजे, तेही वेळेवर मिळतील याची खात्री नाही. १९६१ मध्ये ठरवून लग्न झालं. पाहणं झाल्यावर पाचव्या दिवशी नुनोए त्यांच्या घरात आल्या आणि थेट त्या ओढगस्तीत पडल्या. चित्रांच्या कामातही त्यांनी नवऱ्याला हातभार लावला. त्यांच्या आत्मकथनावर २०१० मध्ये एनएचके या जपानी वाहिनीने रोज सकाळची मालिका केली आणि सारा जपान हा संसार पाहत होता.

१९६४ साली 'गारो' हे मासिक निघालं. मोठ्यांसाठीच्या, वेगळ्या वाटेच्या मांगांना तिथे जागा होती, आणि मिझुकीही तिथे लिहू लागले. दैव फिरलं ते पुढच्या वर्षी. टीव्हीच्या पेटीत शिरणाऱ्या मुलाची गोष्ट, 'तेरेबी-कुन', हिला कोदान्शा या प्रकाशनसंस्थेचा बालमांगा पुरस्कार मिळाला. ज्या टीव्हीने त्यांचा आधीचा धंदा बुडवला, त्यानेच त्यांना वर काढलं. वय त्रेचाळीस.

मग कितारो मोठ्या साप्ताहिकात आला. नाव 'हाकाबा नो कितारो', म्हणजे स्मशानातला कितारो. टीव्हीच्या जाहिरातदारांना स्मशान नको होतं, म्हणून १९६७ मध्ये नाव बदलून 'गेगेगे नो कितारो' झालं. लहानपणी शिगेरूला स्वतःचं नाव नीट उच्चारता यायचं नाही, 'गेगेरू' व्हायचं, त्यातला हा 'गेगे'. १९६८ मध्ये कार्टून मालिका सुरू झाली. तिच्या गाण्याचे शब्दही मिझुकींचेच. तेव्हापासून नव्या पिढीसाठी ती पुन्हा पुन्हा काढली गेली आहे.

कितारोचा बाप पाहावा. शरीर कुजून गेलं, पण पोराला सांभाळायला एक डोळा उरला. त्या डोळ्याला चिमुकलं धड फुटलं आणि तो पोराच्या केसांत बसून त्याला सल्ले देतो, चहाच्या वाडग्यातल्या गरम पाण्यात डुंबतो. मरण इतक्या मायेने रेखाटणारा माणूस मरण फार जवळून पाहिलेलाच असू शकतो, असं मला वाटतं.

त्यांच्या पानावर माणसं साध्या, गंमतीदार रेषांची असतात आणि मागची झाडं, देवळं, ढग मात्र ठिपक्या-ठिपक्यांनी इतके बारकाईने भरलेले, की छायाचित्र वाटावं. या कामासाठी त्यांनी मदतनीस ठेवले. योशिहारू त्सुगे आणि र्‍योइची इकेगामी हे पुढे नावाजलेले मांगाकार त्यांच्याकडे राबलेले. योकाईंची रूपं त्यांनी अठराव्या शतकातल्या तोरियामा सेकिएनच्या चित्रांतून घेतली. पण लोकसाहित्याचे अभ्यासक कुनिओ यानागिता यांनी नोंदवलेल्या बऱ्याच योकाईंना चेहराच नव्हता, नुसतं नाव आणि दोन ओळींची माहिती. त्यांना मिझुकींनी चेहरा दिला. आज जपानी मुलाला नुरिकाबे काढायला सांगा, तो डोळे आणि पाय असलेली भिंत काढेल. ती मिझुकींची भिंत.

१९७३ साली त्यांनी राबाउलचं कर्ज फेडायला घेतलं. 'सोइन ग्योकुसाई सेयो' या मांगात एका तुकडीला शेवटच्या माणसापर्यंत मरण्याचा हुकूम होतो. 'ग्योकुसाई' म्हणजे फुटलेलं रत्न: अखंड कौल होऊन उरण्यापेक्षा रत्नासारखं फुटावं, असं सैनिकांच्या मनावर बिंबवलं जाई. यातलं नव्वद टक्के खरं आहे, असं मिझुकी म्हणत. शेवट त्यांनी बदलला. प्रत्यक्षात काही जण वाचले होते, पुस्तकात कुणी वाचत नाही. शेवटच्या पानांवर गंमतीदार रेषांची माणसं नाहीशी होतात आणि उरतात ती ठिपक्यांनी भरलेली, छायाचित्रासारखी प्रेतं. त्यांची रेखाटनाची पद्धत किती ताकदीची होती हे इथे कळतं.

पुढे १९८८-८९ मध्ये शोवा काळाचा, म्हणजे सम्राट हिरोहितोच्या कारकिर्दीचा, इतिहास आठ खंडांत आला. तो सांगतो कितारोचा लबाड सोबती, उंदीरमाणूस. देशाचा इतिहास सांगायला त्यांना अर्धा योकाईच भरवशाचा वाटला.

परदेशाने त्यांना फार उशिरा ओळखलं. फ्रान्समधल्या आंगुलेमच्या चित्रकथा महोत्सवात २००७ साली त्या आजीवरचं त्यांचं 'नोन्नोन्बा' हे पुस्तक सर्वोत्तम ठरलं, हा मान मिळवणारं ते पहिलं मांगा. साकाइमिनातोने मात्र १९९३ मध्येच आपल्या रस्त्यावर २३ ब्राँझचे योकाई बसवले होते. २०१८ मध्ये ते १७७ झाले.

ओसामू तेझुका आणि शोतारो इशिनोमोरी हे दोघे दिग्गज मांगाकार रात्र-रात्र जागून काम करत आणि दोघेही साठीत गेले. मिझुकी मात्र पोटभर झोपत आणि भरपूर खात, आणि झोप कशी महत्त्वाची हे या दोघांचंच उदाहरण देऊन सांगत. २०१३ च्या अखेरीस, एक्क्याण्णव वर्षांचे असताना, त्यांनी आपल्या रोजच्या जगण्यावर एक नवी मांगा-मालिका सुरू केली. ती २०१५ च्या मे महिन्यापर्यंत चालली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला ते गेले.