उसात बिबट्याची पिल्लं सापडली तर: कळवायचं कुणाला, कागद कोणते

ऊसतोड सुरू झाली की कराड, पाटण, शिराळा, वाळवा या पट्ट्यात कुठल्या ना कुठल्या फडात बिबट्याची पिल्लं निघतातच. आणि टोळीतलं कुणीतरी पिल्लू उचलून फोटो काढतं. नेमकं तेच टाळायचं.

कोयते थांबवा, माणसं मागं घ्या आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा आपल्या भागातल्या वनरक्षकाला फोन लावा. नंबर नसेल तर पोलीस पाटलांना विचारा. कळवायला अर्ज नाही, फी नाही, आधारकार्डही नाही. गाव, गट नंबर, पिल्लं किती, डोळे उघडलेत का, एवढं सांगा.

मग वनपाल आणि पशुवैद्यक येतात, पंचनामा होतो. पंच म्हणून सही मागितली तर मागं सरू नका, वाचून करा. पिल्लू ठणठणीत असेल तर संध्याकाळी त्याच सरीत क्रेटमध्ये ठेवून कॅमेरे लावतात. अंधार पडला, गलका थांबला की मादी येते, क्रेट उलथवते आणि पिल्लू तोंडात धरून निघून जाते. पहिल्या रात्री नाही आली तर पुन्हा प्रयत्न होतो. "सापडलेलं परत कशाला देताय?" असं गावकरी चिडून विचारतात. पण पिल्लं हलवली तर मादी बिथरून त्याच शिवारात घिरट्या घालते, म्हणजे धोका आपल्यालाच. बघ्यांची गर्दी मात्र ही सगळी मेहनत पाण्यात घालवते.

आई मिळाली नाही किंवा पिल्लू जखमी असेल तर उपचार केंद्र. माणसाच्या हातावर वाढलेला बिबट्या जंगलात सोडणं अवघड असतं. जुन्नरजवळच्या माणिकडोह केंद्रात असे काही बिबटे कायमचे राहिलेत.

पाळायला पात्र कोण? कुणीच नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. कलम ३९ नुसार असा प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो आणि ताब्यात आला तर ४८ तासांत कळवावं लागतं. मोर, घोरपडीलाही हाच नियम. "जीव वाचवला" म्हणून घरी ठेवलेलं पिल्लू गुन्ह्यातच मोजलं जातं. निवारा केंद्र काढायचं तर केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते, नुसती संस्थेची नोंदणी चालत नाही.

कागद लागतात ते बिबट्यानं जनावर मारलं तर. भरपाईसाठी ४८ तासांत वनविभागाला कळवायचं. अर्ज, आधार, बँक पासबुकाची झेरॉक्स आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला तयार ठेवा. २०२२च्या शासन निर्णयानुसार गाय, म्हैस, बैलाला बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये यांतली कमी रक्कम मिळते, शेळी-मेंढीला ही मर्यादा १५,००० आहे. पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागचं हलवू नका, वास सुटला तरी. कानात बिल्ला असेल तर त्याचा नंबर पंचनाम्यात आपल्यासमोर लिहून घ्या.