एस्कनाबा तळ्यातल्या माशांची मोजदाद

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर टोकाला व्हायलस नावाचा एक जिल्हा आहे आणि त्या एका जिल्ह्यात लहानमोठी मिळून सुमारे 1300 तळी आहेत. शेवटच्या हिमयुगातील बर्फाची चादर मागे सरकत असताना तिचे प्रचंड तुकडे रेती आणि गोट्यांच्या थरात गाडले गेले, पुढे ते सावकाश वितळले, आणि जमिनीत जे खळगे उरले त्यांतच ही बहुतेक तळी साठली आहेत. बोल्डर जंक्शन या गावाजवळचे एस्कनाबा हे त्यांपैकीच एक तळे आहे. त्याचा विस्तार 293 एकर, सर्वांत खोल जागी पाणी जेमतेम आठ मीटर, आणि वर्षातले चार महिने किंवा त्याहून अधिक काळ पृष्ठभागावर बर्फ. नकाशावर शेजारच्या तळ्यांपासून ते वेगळे ओळखूही येणार नाही. तरी गोड्या पाण्यातील माशांचा अभ्यास करणाऱ्यांना त्याचे नाव ठाऊक असते, आणि त्याचे कारण 1946 पासून तिथे चाललेली एक नोंद आहे.

त्या वर्षी राज्याच्या संवर्धन विभागाने या तळ्यावर एक अगदी साधा नियम लागू केला. गळ घेऊन पाण्यावर जाणाऱ्या प्रत्येकाने आधी काठावरच्या संशोधन केंद्रातून मोफत परवाना घ्यायचा आणि परतताना आपण किती तास घालवले, कोणते मासे धरले, हे दाखवून नोंदवून जायचे. बदल्यात विभागाने बाकीची सारी बंधने उठवली, म्हणजे किती मासे न्यावेत, किती लांबीचे न्यावेत, कोणत्या महिन्यात धरावेत, यांवर तिथे कसलीच मर्यादा राहिली नाही. इतरत्र मासेमारीचे नियम आधी केले जातात आणि त्यांचा परिणाम काय झाला हे पुढे अंदाजाने ठरवले जाते. इथे नियम काढून घेऊन नेलेला प्रत्येक मासा मोजण्यात आला, आणि वॉलाय या माशाच्या बाबतीत हा प्रयोग पन्नासहून अधिक वर्षे चालला.

वॉलाय हा पर्च नावाच्या गोड्या पाण्यातील माशाच्या कुळातील शिकारी मासा आहे. त्याच्या डोळ्यांतील पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो. रात्री मांजराचे डोळे चमकतात ते अशाच थरामुळे. म्हणून तिन्हीसांजेला, किंवा वाऱ्याने पाणी ढवळलेले असताना, त्याला त्याच्या भक्ष्यापेक्षा चांगले दिसते, आणि अनुभवी लोक याच वेळी आमिष पाण्यात सोडतात. त्याचे मांस पांढरे, घट्ट आणि कमी काट्यांचे असते. उत्तरेतील थंड पाण्यात तो वीस वर्षांहून अधिक जगू शकतो. मादी मात्र अंडी घालण्याजोगी व्हायला साधारणपणे चार ते सहा वर्षे लागतात. आज पाण्यातून किती मासे काढता येतील याचे उत्तर म्हणूनच चार-सहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या वसंत ऋतूत दडलेले असते.

आपल्याकडे चढणीचे मासे पहिल्या पावसाच्या लोंढ्याची वाट पाहतात (रायगडात त्यांना वलगणीचे मासे म्हणतात), तसा वॉलाय बर्फ फुटण्याची वाट पाहतो. एप्रिलच्या अखेरीस बर्फ वितळला आणि काठाचे पाणी पाच ते दहा अंश सेल्सियसपर्यंत तापले की रात्रीच्या वेळी मासे गोट्यांच्या उथळ काठाशी जमतात, माद्या हजारो अंडी सोडतात, नर ती फळवतात, आणि नंतर नर-मादी दोघेही निघून जातात. घरटे नाही, राखण नाही. गोट्यांच्या फटींत अडकलेली अंडी दोन-तीन आठवड्यांत फुटतात आणि जेमतेम सेंटीमीटरभरही लांब नसलेली पिल्ले पोटाखालची बलकाची शिदोरी घेऊन पाण्यात येतात. ही शिदोरी काही दिवसांतच संपते. त्या क्षणी पाण्यात सूक्ष्म प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, पुरेसे असतील तर पिल्लू जगते, नसतील तर मरते. प्लवकांची वाढ पाण्याच्या उबेवर अवलंबून असते, आणि उत्तर विस्कॉन्सिनमधील मे महिना अत्यंत लहरी असतो. आठवडाभर ऊन पडते आणि पुढच्या आठवड्यात बर्फाची भुरभुर होते.

एस्कनाबाच्या 1958 ते 1980 या काळातील नोंदी तपासून संशोधक स्टीव्हन सर्न्स यांनी 1982 मध्ये दाखवून दिले की ज्या वर्षी मे महिन्यात पाण्याचे तापमान फार वरखाली होते त्या वर्षी शरद ऋतूपर्यंत टिकलेली पिल्ले कमी भरतात. पुढे 1996 पर्यंतच्या नोंदी धरून झालेल्या अभ्यासात मे महिन्यातील हा चढउतार कायम राहिला आणि त्याच्या जोडीला आणखी दोन कारणे पुढे आली: तळ्यातील पिवळ्या पर्चची संख्या आणि खुद्द प्रौढ वॉलायची संख्या. पर्चशी असलेले नाते दुपदरी आहे, कारण पर्चची पिल्ले हे कोवळ्या वॉलायचे मुख्य अन्न असते आणि मोठे पर्च हे वॉलायच्या पिल्लांच्या अन्नातले भागीदार, प्रसंगी त्यांचे भक्षकही असतात. प्रौढ वॉलायचा परिणाम याहून अनपेक्षित वाटतो. आईबाप जास्त म्हणजे पिल्ले जास्त, हा हिशेब एका मर्यादेपर्यंतच खरा ठरतो. ती ओलांडली की मोठे मासे धाकट्यांचे अन्न खातात, कधी धाकट्यांनाच खातात, आणि पिल्लांची संख्या उलट घसरू लागते. मला या साऱ्या नोंदींमधील हीच गोष्ट सर्वांत बोलकी वाटते, कारण ‘मासे सोडा म्हणजे मासे वाढतील’ या सोप्या समजुतीला ती जागीच अडवते.

आता पाण्याखालचे मासे मोजायचे कसे? तळे उपसता येत नाही. त्यासाठी वापरली जाणारी पद्धत डॅनिश शास्त्रज्ञ पीटरसन यांच्या नावाने ओळखली जाते आणि तिचे गणित शाळकरी मुलालाही समजेल असे आहे. बर्फ फुटताच काठाशी जमणारे मासे नळीसारख्या जाळ्यांत धरतात. या जाळ्यांत शिरता येते, पण बाहेर पडण्याची वाट सापडत नाही. धरलेल्या प्रत्येक माशाच्या पराचे टोक खुणेसाठी किंचित कापून त्याला परत सोडतात. समजा असे 400 मासे खुणा करून सोडले, काही दिवसांनी पुन्हा 250 मासे धरले आणि त्यांत 50 खुणेचे निघाले. म्हणजे दर पाच माशांमागे एक खुणेचा आहे, आणि खुणेचे एकूण 400 असल्यामुळे तळ्यात प्रौढ मासे सुमारे 2000 असावेत, म्हणजे एस्कनाबाएवढ्या तळ्यात एकरी सात. ही आकडेमोड खरी ठरायची तर खुणेचे मासे इतरांत पुरते मिसळले पाहिजेत, खुणेमुळे मरता कामा नयेत, आणि एकदा जाळ्यात सापडलेला मासा दुसऱ्यांदा जाळे टाळायला शिकता कामा नये. मोजणाऱ्याची खरी कसोटी गणितात नसून या तीन अटी सांभाळण्यात असते.

एवढा खटाटोप कशासाठी, लोकांना किती मासे मिळतात यावरून अंदाज बांधता येणार नाही का, असा प्रश्न कोणीही विचारील. अडचण अशी की मिळालेले मासे आणि असलेले मासे यांचे प्रमाण स्थिर नसते. ज्या वर्षी पर्चची पिल्ले अमाप होतात त्या वर्षी वॉलायची पोटे भरलेली असतात आणि आमिषाकडे तो ढुंकूनही पाहत नाही. तळे माशांनी भरलेले असूनही लोक रिकाम्या हाताने परततात आणि मासे संपल्याची तक्रार करतात. याच्या उलट प्रकार अधिक धोक्याचा आहे. संख्या घटली तरी उरलेले मासे त्याच आवडत्या जागी, एखाद्या खडकाळ उंचवट्याशी किंवा पाणवनस्पतींच्या कडेला, गोळा होत राहतात आणि त्या जागा माहीत असलेल्या माणसाला पूर्वीइतकेच मासे मिळत राहतात. त्याच्या दृष्टीने सारे आलबेल असते. घसरण कळते तेव्हा उशीर झालेला असतो. कॅनडातील संशोधकांनी 2002 मध्ये आपल्या देशातील हौशी मासेमारीबद्दल लिहिताना या स्थितीला ‘अदृश्य ऱ्हास’ म्हटले होते. समुद्रातील मासेमारी कोसळली की बंदरे ओस पडतात आणि बातमी होते, पण विखुरलेली हजारो तळी एकेक करून रिकामी झाली तर लोक मुकाट्याने पुढच्या तळ्याकडे वळतात.

या भागात माशांची मोजणी काटेकोर होण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते कायद्यातले आहे. या भागातील मूळ रहिवासी असलेल्या ओजिब्वे लोकांनी 1837 आणि 1842 च्या करारांनी ही भूमी अमेरिकेच्या सरकारला दिली, परंतु तिच्यावर शिकार, मासेमारी आणि कंदमुळे-धान्य गोळा करण्याचा आपला हक्क राखून ठेवला. राज्याने तो पुढे नाकारला, आणि 1983 मध्ये न्यायालयाने तो कायम असल्याचा निर्वाळा दिला. वॉलायला ओजिब्वे भाषेत ‘ओगा’ म्हणतात. बर्फ फुटल्यावर काठाशी आलेले ओगा रात्री उजेड दाखवून भाल्याने धरण्याची त्यांची रीत जुनी आहे. याच जिल्ह्यातील एका वस्तीला फ्रेंच व्यापाऱ्यांनी लॅक दु फ्लॅम्बो, म्हणजे मशालींचे तळे, हे नाव दिले ते पाण्यावरच्या त्या मशाली पाहून. न्यायालयाच्या निकालानंतर ऐंशीच्या दशकात होड्यांच्या धक्क्यांवर मोठे जमाव जमले, भाला मारणाऱ्यांना शिवीगाळ झाली, दगडही फेकले गेले, आणि हे लोक मासे संपवतील असा प्रचार झाला. त्यातून जी व्यवस्था उभी राहिली तिचा गाभा एका आकड्यात आहे: कोणत्याही तळ्यातील प्रौढ वॉलायपैकी वर्षाला 35 टक्क्यांहून अधिक काढले जाऊ नयेत, आणि ही मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता चाळिसात एकाहून कमी राहावी. भाल्याने धरलेला प्रत्येक मासा त्याच रात्री धक्क्यावर मोजला जातो. गळ टाकणाऱ्यांची मात्र एस्कनाबासारखी एखादी जागा सोडली तर नमुना पाहणीच होते. ज्यांच्यावर संशय घेतला गेला त्यांचाच हिशेब अधिक चोख आहे, हे इथे नोंदवलेच पाहिजे.

एस्कनाबावर 2003 मध्ये प्रयोगाची दिशा उलटी करण्यात आली. वॉलाय 28 इंचांहून लहान असेल तर सोडून द्यायचा आणि दिवसाला एकच न्यायचा, असा नियम आला. या तळ्यात इतका मोठा वॉलाय विरळाच, त्यामुळे व्यवहारात ही जवळजवळ बंदीच होती. अर्धशतकभर मुक्त मासेमारी असूनही इथले वॉलाय स्वतःच्या बळावर टिकून राहिले होते, ही गोष्ट काही जण नियमांविरुद्ध पुरावा म्हणून सांगतात. ते घाईचे आहे. पिल्लांचा भरणा चांगला असलेले तळे जो भार पेलते तो भरणा आटलेल्या तळ्याला पेलवेलच असे नाही.

आणि भरणा आटतो आहे. उत्तर विस्कॉन्सिनमधील अनेक तळ्यांत गेल्या काही दशकांत वॉलायची नैसर्गिक पैदास कमी झाली. उष्णता अधिक साठवणाऱ्या तळ्यांत ती टिकण्याची शक्यता कमी आणि ऊब मानवणाऱ्या लार्जमाऊथ बास या दुसऱ्या माशाची वाढण्याची शक्यता जास्त, असे चित्र तळ्यांच्या तुलनेतून दिसते. संशोधक होली एम्बके आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये 179 तळ्यांच्या नोंदी वेगळ्या दृष्टीने मांडल्या. त्यांनी माशांची संख्या न पाहता दरवर्षी नव्याने तयार होणारे वजन पाहिले, म्हणजे मुद्दल न पाहता व्याज पाहिले. तेव्हा सुमारे 40 टक्के तळ्यांतून व्याजापेक्षा अधिक काढले जात असल्याचे निघाले. नेहमीच्या संख्येवर आधारलेल्या पद्धतीतून दिसणाऱ्या प्रमाणापेक्षा हे दहापटींहून जास्त होते. 35 टक्के ही मर्यादा मुद्दलावर बांधलेली आहे आणि व्याजाचा दर घसरला की ती नकळत सैल होते.

तर मग एखाद्या लहान तळ्यावर पुढील काही वर्षांत गळाला काय लागेल, हे कशावरून ओळखायचे? जाणकार माणूस यंदा मे महिन्यात किती मासे मिळाले यापेक्षा आधीच्या शरद ऋतूंतील एका रात्रीची नोंद मागतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी थंडावू लागले की त्या वर्षीची पिल्ले अंधारात काठाशी येतात. संशोधक जनित्र बसवलेली नाव काठाकाठाने सावकाश नेतात, पुढे लोंबणाऱ्या तारांतून पाण्यात वीज सोडतात, क्षणभर गुंगी येऊन तरंगलेली पिल्ले जाळीने उचलून मोजतात आणि परत सोडतात. बारा ते अठरा सेंटीमीटरची ही पिल्ले उन्हाळा निभावून आलेली असतात आणि त्यांपैकी जी पहिला हिवाळा काढतील तीच चार-पाच वर्षांनी ताटात येण्याजोगी होतील. काही वर्षी मैलभर काठावर ती शेकड्यांनी भरतात, तर काही वर्षी रात्रभर फिरूनही बादलीत दोन-चारच पडतात. अशी दोन-चारची वर्षे लागोपाठ तीन आली, तर त्या उन्हाळ्यात लोकांना कितीही मोठे वॉलाय मिळत असोत, ते सगळे जुन्या पिढ्यांतले असतात, आणि माशाच्या कानातील खड्यावरची वर्षांची वलये मोजली की तेही स्पष्ट दिसते.