पार्श्वभूमी : राणीछाप रुपया चिल्लरमध्ये का येत नाही

मोबाइलवर अधूनमधून एक चित्र फिरतं. वैष्णोदेवीची छबी असलेलं पाच किंवा दहा रुपयांचं नाणं, आणि खाली मजकूर : हे तुमच्याकडे असेल तर लाखो रुपये मिळतील. नाणं खरं आहे. देवस्थान मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून सरकारने ते २०१२ मध्ये काढलं आणि ते बाजारात खेळलंही. लाखांची गोष्ट मात्र बनाव. असे खरेदीदार आधी ‘नोंदणी शुल्क’, ‘कर’, ‘कमिशन’ मागतात, तेही रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीची छबी असलेल्या रुपयासारखं खरोखर जुनं नाणं गल्ल्यात का सापडत नाही, याचं उत्तर धातूच्या भावात आहे.

ब्रिटिश अमदानीतला कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेला रुपया ११.६६ ग्रॅमचा होता आणि त्यात जवळपास ९२ टक्के चांदी होती. नाण्यातल्या चांदीची किंमत नाण्यावरच्या किमतीच्या वर गेली की लोक ते खर्च कशाला करतील? पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि सरकारला १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढावी लागली. दुसऱ्या महायुद्धात तेच घडलं. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, जुने चांदीचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेतले, आणि १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा, मागे वाघ असलेला. राणीछाप रुपया आजीच्या पेटीत, देव्हाऱ्यात नाहीतर सोनाराच्या मुशीत गेला, तो असा. सुट्ट्या पैशांत परत येण्याचं त्याला कारणच उरलं नाही.

तांब्याचंही तेच. १९४३ मध्ये आलेल्या एक पैशाच्या मधोमध भोक होतं, युद्धकाळात धातू वाचवण्यासाठी. भोकाचा पैसा म्हटलं की घरातली जुनी माणसं अजून हसतात, कारण वायसर म्हणून तो वापरल्याच्या गोष्टी घरोघरी ऐकायला मिळतात.

१५ ऑगस्ट १९५० ला राजाचं डोकं जाऊन अशोकस्तंभ आला, पण हिशेब आण्यांचाच राहिला : रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. तो १ एप्रिल १९५७ ला मोडला. रुपयाचे शंभर ‘नवे पैसे’ झाले आणि आणा सव्वासहा नव्या पैशांचा. वरचा पाव पैसा द्यायचा कसा? म्हणून दुकानांतून रूपांतराचे तक्ते लागले. जुनी आणि नवी नाणी काही काळ शेजारीशेजारी चालली. १९६४ मध्ये ‘नवे’ हा शब्द नाण्यावरून गेला. चवली (दोन आणे), पावली (चार आणे), अधेली (आठ आणे) हळूहळू बोलण्यातून गेल्या, पण ‘चार आणे’ आणि ‘आठ आणे’ पंचवीस आणि पन्नास पैशांना कितीतरी वर्षं चिकटून राहिले.

पुढे ब्राँझ आणि निकेल-पितळेची छोटी नाणी ॲल्युमिनियमची झाली : चौकोनी पाच पैसे, षट्कोनी तीन पैसे, काठाला पाकळ्या असलेले दहा पैसे. कमळाचं पितळी वीस पैशांचं नाणं (१९६८ ते १९७१) लोकांनी लक्ष्मीपूजनासाठी बाजूला काढलं. नाणी वितळवण्याचा धंदा इतका वाढला की १९७१ मध्ये खास कायदा करावा लागला. तो पुरला नाही. २००७ च्या सुमारास रुपयाची पोलादी नाणी सीमेपलीकडे बांगलादेशात जाऊन दाढीची पाती बनत असल्याच्या बातम्या आल्या होत्या. अखेर ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी कायद्यानेच बाद झाली.

म्हणजे आजच्या खिशात शोधायचं तर पन्नास पैसे, रुपया, दोन, पाच, दहा आणि वीसमध्ये. तिथेही पाहण्यासारखं आहे, फक्त डोळे नाण्यावरच्या वर्षाच्या आकड्याखाली न्यावे लागतात. हिऱ्याची खूण असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, तारा असेल तर हैदराबादचं, गोल टिंब असेल तर नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकात्याचं. ऐंशीच्या दशकात सुट्ट्या पैशांची इतकी ओढाताण झाली की नाणी परदेशातून पाडून आणली. १९८५ च्या रुपयाखाली इंग्रजी ‘एच’ दिसला तर तो बर्मिंगहॅमचा. नोएडाची टांकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली, तीही याच टंचाईच्या पार्श्वभूमीवर. मला स्वतःला वैष्णोदेवीच्या नाण्यापेक्षा हा परदेशी रुपया जास्त गमतीचा वाटतो.

मराठी माणसाला चिल्लर चाळताना ओळखीचे चेहरेही भेटतात. १९९० च्या रुपयावर डॉ. आंबेडकर आहेत, १९९९ च्या रुपयावर ज्ञानेश्वर आणि त्याच वर्षीच्या अकरा बाजूंच्या दोन रुपयांवर छत्रपती शिवाजी महाराज. दोन रुपयांवरचे तुकाराम २००२ चे. शिवकाळातलं तांब्याचं नाणं म्हणजे शिवराई. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ती एकोणिसाव्या शतकातही बाजारात चालत होती, म्हणजे इंग्रजी नाण्यांच्या गर्दीत कुणाच्यातरी कनवटीला ती निघायची. आज ती नाणी पाहायची तर नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेसंग्रहालयात.

आंबेडकर, ज्ञानेश्वर यांची ही स्मारक नाणी विकायला गेलात तर बहुतेकांना दर्शनी किमतीहून फार जास्त मिळणार नाही, कारण ती लाखोंनी पाडलेली असतात. किंमत ठरते ती झिजेवर आणि किती नाणी पाडली त्यावर. चिंच-मिठाने घासून लखलखीत केलेल्या नाण्याकडे संग्राहक पाहतही नाही.

सध्या जायच्या वाटेवर आहे ते पन्नास पैशांचं नाणं. कायद्याने ते अजून चालतं, एका वेळी दहा रुपयांपर्यंत. पण दिलं तर वाणी नाक मुरडतो आणि बदल्यात चॉकलेट देतो. म्हणून ते घराघरांत फडताळाच्या कोपऱ्यातल्या डबीत पडून आहे, आणि तिथे सालं, खुणा पाहायला सवडही भरपूर मिळते.