फोंडा (मेक्सिकन खाणावळ)

मेक्सिकोतील गल्लीबोळांत आणि बाजारांत चालणारी लहान घरगुती खाणावळ. शब्द स्पॅनिश, मूळ अरबी ‘फुंदुक’, म्हणजे सराई. फोंडा बहुधा एकच कुटुंब चालवते आणि चुलीची सूत्रे बायकांच्या हाती असतात. दुपारी ठरलेल्या दरात ‘कोमिदा कोरिदा’ हे जेवण मिळते: आधी सूप, मग भात किंवा शेवया, नंतर रश्शातली भाजी किंवा मांस, सोबत राजमा, तोर्तिया ही पातळ पोळी आणि फळाचे सरबत. बेत रोज बदलतो.

या जेवणाचा प्राण म्हणजे मक्याची तोर्तिया. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर मुरवतात. चुना तोच, जो आपण पानाला लावतो. त्याने दाण्याची साल सुटते, वाटलेल्या पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागते. मक्यावरच जगणाऱ्या ज्या लोकांनी ही रीत घेतली नाही, त्यांच्यात नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग पसरला. सातपुड्यातही मक्याची भाकरी होते, पण कोरड्या पिठाची; ते सहज जुळत नाही म्हणून गरम पाण्यात मळावे लागते. मका वाटण्याचा पारंपरिक ‘मेताते’ म्हणजे तीन पायांचा पाटा. भाजण्याचा मातीचा ‘कोमाल’ पाहून मांडे करणाऱ्या खान्देशी बाईला आपले खापरच आठवेल, फक्त ते उपडे असते आणि कोमाल सपाट.

मिरची मूळची तिकडची. भारतात ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. नंदुरबारचा मिरचीबाजार आणि शेवभाजीचा लाल तवंग त्यानंतरचे. वाळलेल्या मिरच्या तव्यावर भाजून, भिजवून, वाटून रस्सा करण्याची फोंड्यातली पद्धत आपल्या वाटणाच्या फार जवळची आहे. टोमॅटो-मिरचीचा ‘साल्सा’ दगडी खलात कुटतात. त्याला ठेच्याचा भाऊ म्हणावे, पण तो ओलसर आणि आंबट असतो.

आपल्याकडच्या हॉटेलांत मेक्सिकन म्हणून मिळणारे कडक टाको आणि चीज ओतलेले नाचो यांवरून फोंड्याची कल्पना करू नये. कडक टाको अमेरिकेत रुजला. नाचो 1940 च्या दशकात पिएद्रास नेग्रास या अमेरिकेच्या सीमेवरच्या मेक्सिकन गावात जन्मले. युनेस्कोने 2010 मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली ती मका, राजमा आणि मिरचीवर उभी असलेली पारंपरिक पाककला.

शिळ्या तोर्तियाही वाया जात नाहीत. त्यांचे तुकडे तळून साल्सात मुरवले की ‘चिलाकिलेस’ होतात. आपल्याकडे उरलेल्या भाकरीचा कुस्करा फोडणीला टाकतात, तसाच तिथला हा सकाळचा नाश्ता.