वेशीवरच्या काट्या : २०२० मधल्या गावबंदीची पार्श्वभूमी

२४ मार्च २०२० च्या मध्यरात्री कोरोनामुळे देशभर टाळेबंदी लागू झाली आणि विदर्भातल्या गावोगावी वेशी बंद होऊ लागल्या. रस्त्यावर बोरी-बाभळीच्या काट्या, कुठे आडवा बांबू, कुठे बैलगाडी. शेजारी पाटी : बाहेरच्या माणसाला गावात प्रवेश नाही. याला नुसती घबराट म्हणणं अन्यायाचं आहे. गावं जे करत होती, ते त्यांना आधीच्या साथींनी शिकवलेलं होतं. फक्त ते शिकवणारे रोग वेगळ्या वाटेने पसरणारे होते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सापडला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. घरझडती आणि सक्तीने छावणीत नेणं यांमुळे लोक इतके बिथरले, की घरातला आजारी माणूस लपवू लागले. पुण्यात त्याच वर्षी जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे प्लेग वऱ्हाड-नागपुरातही आला. खेड्यांचा उपाय साधा होता : घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडायचं आणि वावरात झोपड्या घालून राहायचं. उपाय अचूक होता. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात. माणूसच दूर गेला की साखळी तुटते.

पटकीचंही (कॉलऱ्याचंही) तसंच. ती पाण्यातून येई आणि जत्रेहून परतणाऱ्यांबरोबर गावात शिरे. साथीची देवी मरीमाय, तिचं ठाणं म्हणूनच बहुधा शिवेजवळ असतं. रोग बाहेरून येतो, तो शिवेवरच थांबवायचा, ही धारणा त्यामागे आहे.

१९१८ चा इन्फ्लुएंझा मात्र या दोन्ही रीतींना दाद देणारा नव्हता. तो रेल्वेने आला, श्वासातून पसरला आणि एक-दोन दिवसांत घरंच्या घरं आडवी करून गेला. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महाग होतं आणि साथीचा जोर नेमका खरिपाच्या काढणीवर आला. विदर्भ ज्यात होता तो मध्य प्रांत-वऱ्हाड हा देशातल्या सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली. असं दुसऱ्या कोणत्याही दशकात झालेलं नाही. तरी गावाच्या वागण्यात १९१८ चा ठसा फारसा दिसत नाही. प्लेग वर्षानुवर्षं परत येत राहिला, त्यामुळे त्याची रीत बनली. इन्फ्लुएंझा काही आठवड्यांत पिढी कापून गेला आणि त्यातून कुठलीही रीत उरली नाही, असं आम्हाला वाटतं.

२०२० मध्ये म्हणूनच पहिली समजूत झाली ती ‘हा बाहेरचा रोग’ अशी. ती वरवर खरीही होती. देशातला पहिला रुग्ण ३० जानेवारीला केरळात, राज्यातले पहिले ९ मार्चला पुण्यात, नागपुरातला पहिला ११ मार्चला. हे सगळे परदेशातून आलेले. कोंबडीतून रोग होतो ही अफवा तर त्याआधीच पसरली होती. कोंबड्यांचे भाव कोसळले, काही कुक्कुटपालकांना पक्षी फुकट वाटावे लागले. मार्चच्या मध्याला राज्याने १८९७ चाच कायदा लागू केला. घरी विलगीकरणात ठेवलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के बसू लागले आणि शिक्का पाहून लोक एसटीतून माणसं उतरवू लागले.

काट्यांचा खरा घाव बसला तो गावच्याच माणसांवर. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा भागातले मजूर दरवर्षी मिरची तोडाईला तेलंगणात जातात. वाहनं थांबल्यावर ते जंगलवाटेने, नद्या ओलांडत पायी परतले आणि आपल्याच वेशीवर अडले. त्यांची सोय झाली जिल्हा परिषदेच्या शाळेत, १४ दिवस. हा आकडा उगाच नव्हता : लक्षणं सहसा पाचव्या-सहाव्या दिवशी दिसतात, पण दोन ते चौदा दिवसांत केव्हाही दिसू शकतात. चूक व्हायची ती मोजणीत. एका खोलीत दहाव्या दिवशी नवा माणूस आला, की त्या खोलीतल्या सगळ्यांचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला हवेत. नाहीतर जुने सुटतात आणि नव्याचा संसर्ग घरी नेतात. लक्षणांच्या एक-दोन दिवस आधीपासून रोग पसरतो, त्यामुळे ‘ताप नाही, सोडा’ हेही चालत नाही. प्रत्येक जथ्याला वेगळी खोली आणि वेगळा संडास हवा. दोन-तीन खोल्यांच्या शाळेत, मे महिन्याच्या उन्हात टिनाखाली, हे जमवणं फार कठीण होतं.

दुसरी चूक फवारणीची. ग्रामपंचायतीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असतेच : विहिरी-टाकीसाठी १,००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम. पृष्ठभागासाठी एक टक्क्याचं द्रावण लागतं, म्हणजे ३३ टक्के क्लोरीनची पावडर लिटरला ३० ग्रॅम. पण पोतं उघडं राहिलं, दमट झालं की क्लोरीन उडून जातो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पाण्यालाही निरुपयोगी. त्यात धूळ-माती क्लोरीन खाऊन टाकते, म्हणून रस्ता फवारून काहीच साधत नाही. कड्या, हँडपंपाचा दांडा, दुकानाचा कठडा पुसले तर उपयोग. कुठे कुठे माणसांवरही फवारलं गेलं. डोळे आणि श्वासनलिका यांना त्याने इजा होते, आणि एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याविरुद्ध स्पष्ट सूचना काढली. कपाशीवर विष मारलेला पंप तर यासाठी हातातच घेऊ नये. २०१७ मध्ये यवतमाळच्या शेतमजुरांनी फवारणीची किंमत जिवाने मोजली आहे.

घरोघर जाऊन नावं, ताप, खोकला लिहिणाऱ्या आशा सेविकांना या कामासाठी केंद्राकडून महिन्याला जादा १,००० रुपये ठरले होते. आमच्या मते गावांना काट्यांपेक्षा त्यांच्या वहीने जास्त वाचवलं, कारण आजारी माणूस लपवायचा की सांगायचा, हे दारात कोण उभं आहे यावर ठरतं.

गडचिरोलीत मेच्या मध्यापर्यंत एकही रुग्ण नव्हता. तेव्हा काटे कामी आले असंच गावांना वाटलं. मग तेंदूपत्ता तोडाईचा हंगाम आला, पेरणी आली, घरात पडून राहिलेला कापूस खरेदी केंद्रावर न्यायची घाई झाली, आणि काट्या उचलल्या गेल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-अचलपुरात रुग्ण झपाट्याने वाढून पुन्हा टाळेबंदी आली, तेव्हा खेड्यांतली भीती नव्हे तर सावधगिरीची सवय ओसरलेली होती. पुढे मेळघाटात लसीबद्दलच्या शंका दूर करायला कोरकू भाषेतून बोलणाऱ्या आशा आणि अंगणवाडी सेविकाच दारोदार फिरल्या.