लाल विंचू, स्वस्त गोळी आणि तिथीची पाऊणपट

जांभ्याच्या गडग्यातल्या फटी, पेंढ्याची उडवी, पावसाळ्यासाठी रचून ठेवलेली लाकडं, ओसरीवरच्या चपला. कोकणात विंचू कुठे असतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण त्यातला कोणता विंचू जीव घेतो, हे मात्र पिढ्यान्‌पिढ्या नीट ठाऊक नव्हतं. माणसं घाबरायची ती मोठ्या काळ्या विंचवाला, इंगळीला. तिच्या दंशाने बहुधा ठणका लागतो आणि उतरतो. घात करतो तो आकाराने लहान असलेला लाल विंचू.

आणि त्याचाही प्रत्येक दंश जीवघेणा नसतो. बऱ्याच जणांना रात्रभर असह्य कळा येतात, सकाळी माणूस उठून कामाला लागतो. भगताच्या मंत्राला यश मिळायचं ते इथे. मंत्र घातलेल्या दहांतले बहुतेक जण बरे होत, पण ते मंत्राविनाही बरे झालेच असते. हे कळायला दंशाच्या पुष्कळ रुग्णांच्या नोंदी एकत्र ठेवाव्या लागतात. एका घराला, एका वाडीला ते दिसत नाही. भगताला फसवा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला वाटतं, त्यालाही तेवढंच दिसत होतं जेवढं त्याच्यासमोर येत होतं.

नोंदी ठेवणारा माणूस महाडजवळच्या बिरवाडीला आला तो १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात. डॉ. हिंमतराव बावस्कर तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. अतिदक्षता विभाग नाही, मोठी यंत्रं नाहीत. ते रुग्णाच्या खाटेजवळ बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले. त्यातून एक क्रम दिसू लागला. ज्यांची प्रकृती पुढे बिघडते, त्यांना आधी ओकाऱ्या होतात, दरदरून घाम फुटतो, तोंडाला लाळ सुटते, हातपाय थंड पडतात. मग रक्तदाब चढतो आणि शेवटी फुप्फुसांत पाणी भरतं. ही पूर्वलक्षणं त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली.

शरीरात घडतं ते असं. विषामुळे मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडीच राहतात, तंतू थांबायचं विसरतात आणि ॲड्रेनलिनसारखी रसायनं रक्तात लोटली जातात. त्यांनी रक्तवाहिन्या आवळतात. बागेला पाणी घालताना पाइपचं तोंड अंगठ्याने दाबून धरावं आणि पंप चालूच ठेवावा, तसा ताण हृदयावर येतो. रक्त पुढे सरकेना की मागे फुप्फुसांत तुंबतं. त्या काळी विंचूदंशावर वापरात असलेलं ॲट्रोपिन हे औषध तर हृदयाची धावपळ आणखी वाढवणारं होतं.

एकदा हे कळलं की उपाय कोणत्या दिशेला शोधायचा तेही कळतं: आवळलेल्या वाहिन्या सैल करायच्या. प्राझोसिन ही रक्तदाबावरची गोळी नेमकं तेच करते. हे विंचवासाठी बनवलेलं औषध नव्हे. डॉ. बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी तिचा वापर १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मधून जगापुढे ठेवला. पूर्वी पश्चिम भारतात फुप्फुसांत पाणी भरून २५ ते ३० टक्के रुग्ण दगावल्याची नोंद आहे. प्राझोसिननंतर मृत्यूचं प्रमाण १ टक्क्यावर आलं.

माझ्या मते खरं बळ गोळीत नाही. ते या ज्ञानाच्या आटोपशीरपणात आहे. घाम, ओकारी, थंड हातपाय: एवढं लक्षात ठेवायला डॉक्टरला मोठं रुग्णालय लागत नाही आणि घरच्यांनाही जमतं. किनाऱ्यावर असं ज्ञान आधीपासून आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दिवसाही आणि रात्रीही. चंद्रामुळे भरती दर तिथीला साधारण ४८ मिनिटं पुढे सरकते, आणि पाऊण तास म्हणजे ४५. दर तिथीमागची ही तीन मिनिटांची तफावत सोडली तर जाळं घेऊन निघालेल्याला घड्याळ-तक्ता लागत नाही. मात्र जागा बदलली की वेळ मागेपुढे होते, खाडीत आत जावं तशी भरती उशिरा पोहोचते, वारा पाणी चढवतो. हे जाणणारा दर्यावर्दी नियम वापरतो आणि पाण्याकडेही बघतो.

बावस्करांनीही तेच केलं, याचं मला फार अप्रूप आहे. ज्या गोळीशी नाव जोडलं गेलं, ती एकटी पुरेशी आहे का, हे त्यांनी स्वतःच तपासलं. महाडमध्ये ७० रुग्णांचे दोन गट केले. एकाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला त्यासोबत विंचवाचं प्रतिविष. १० तासांत पहिल्या गटातल्या ३५ पैकी ८ जण पूर्ण बरे झाले, दुसऱ्यातले ३५ पैकी ३२. निष्कर्ष २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. आपल्याच उपायात भर घालणारा निकाल लपवला असता तर कुणाला कळलंही नसतं.

आता हे वाचून कुणी प्राझोसिन घरात आणून ठेवू नये. पहिल्या मात्रेने रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, म्हणून रुग्णाला आडवं ठेवून, रक्तदाब मोजत ती द्यावी लागते. घरच्यांचं काम वेगळं आहे. दंशाची वेळ लक्षात ठेवा. जागा कापू नका, दोरी आवळू नका. जवळच्या आरोग्य केंद्रात न्या किंवा १०८ला फोन करा. पोहोचल्यावर घाम कधी सुटला, ओकारी किती वेळा झाली, ते सांगा. मूल असेल तर अजिबात वेळ काढू नका. कळ कमी आहे म्हणून त्याला झोपवूही नका, कारण अंगभर विष भिनलेल्या रुग्णाला दंशाच्या जागी फारसं दुखेलच असं नाही.